चुंबळीपासून पुठ्ठ्याच्या घडीपर्यंत

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा त्यांनी विषयही सुचवून ठेवला होता. ज्ञातीचा पूर्वेतिहास सांगावा, नाहीतर मुलांच्या शिक्षणावर चार शब्द बोलावेत, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही विषय थोर आहेत. तथापि त्यांवर बोलणारी अधिकारी मंडळी आपल्यात पुष्कळ असल्याने आम्ही म्हटले, "आम्हांस खोक्यावर बोलू द्या." चिटणीस क्षणभर स्तब्ध झाले. मूर्ती ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून परगावी जाते त्या खोक्यावर, आणि त्या खोक्याच्या पोटात मूर्ती फुटू नये म्हणून ज्या घड्या घालायच्या त्या घड्यांवर बोलायचे आहे, असा खुलासा केल्यावर त्यांनी हसून संमती दिली. तीन वर्षे आमच्या घरात या एका गोष्टीने झोप उडविली होती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हेच दुःख असणार, असे वाटल्यावरून हे धाडस केले आहे.

आरंभीच सांगितलेले बरे की आम्ही इंजिनियर नव्हे. जुनी म्याट्रिक झालो, प्राथमिक शाळेत अध्यापन केले आणि निवृत्त झालो. मुलांना कार्यानुभवाच्या तासाला कागदाच्या घड्या शिकविल्या, एवढीच काय ती आमची या शास्त्रातील पुंजी. चाक आमच्या हातून सुटले ते शाळेमुळे. घरचा धंदा आमच्या वडीलबंधूंनी सांभाळला, आणि आता त्यांचा मुलगा, आमचा पुतण्या, तो सांभाळतो. पूर्वी माठ, रांजण, पणत्या होत. अलीकडे शाडूच्या गणेशमूर्ती हेच मुख्य काम. आपली पेणची मंडळी या कामात किती पुढे गेली आहेत, आणि तेथल्या मूर्ती समुद्रापलीकडे कशा जातात, हे आपण जाणताच. आमचे घर त्या मानाने लहान. परंतु लहान घरालाही मोठा तडाखा बसू शकतो.

२०२२ साली पुतण्याने नागपूरच्या एका व्यापाऱ्याची ६० मूर्तींची मागणी घेतली. एक-एक फूट उंचीच्या शाडूच्या मूर्ती, रंग व दागिने हाताने केलेले. घरच्या सर्वांचे चार महिने त्यात गेले. वडीलबंधूंनी आपल्या हाताने पेंढा भरून माल बांधला आणि एका वाहतूकवाल्याच्या स्वाधीन केला. चतुर्थीला चार दिवस उरले असता नागपूरहून फोन आला: १७ मूर्ती भग्न. कोणाची सोंड गेली, कोणाचा हात मनगटापासून निखळला, कोणाचा मुकुट. आपण जाणता, माठ फुटला तर दुसरा घेता येतो. परंतु भग्न मूर्तीची प्रतिष्ठापना होत नाही. ज्या घरांनी ती मूर्ती आधी सांगून ठेवली होती, त्यांना ऐन वेळी दुसरी शोधावी लागली. मूर्तीमागे १५०० रुपयांप्रमाणे २५,५०० रुपये पुतण्याला सोडून द्यावे लागले. पैशापेक्षा शब्द गेला, याचे त्याला अधिक लागले. त्या रात्री तो आम्हांस म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी मी हे करणार नाही. औद्योगिक वसाहतीत एक जागा आहे, तिथे जातो." वडीलबंधू ओट्यावर बसून होते. ते काही बोलले नाहीत. पेंढा त्यांनी भरला होता.

या प्रसंगी आम्ही एक मोठा अन्याय केला. सारा दोष वाहतूकवाल्याच्या माथी मारला, आणि घरात वडीलबंधूंना सुनावले की तुमच्या पेंढ्याचे दिवस गेले. त्यातले पहिले बोलणे अर्धे खोटे होते, हे आम्हांस दोन वर्षांनी कळले. ते पुढे येईलच. दुसरे बोलणे कठोर होते आणि अपुरेही होते. पेंढ्याने त्यांना आयुष्यभर दगा दिला नव्हता. मग त्याच वर्षी का दिला? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्यांनीच दिले. ते म्हणाले, "अरे, पूर्वी मालाबरोबर माणूस जात असे. मी गाडीतच बसायचो. वाटेत पेंढा दबला की मुठीने वर भरायचो. उतरवताना हात लावायला मीच असायचो. आता माल एकटाच जातो."

बंधुभगिनींनो, आमच्या या सर्व व्याख्यानाचे सार त्या एका वाक्यात आहे. पेंढा हा चांगला लवचिक पदार्थ आहे, यात शंका नाही. परंतु गाडीच्या सततच्या हादऱ्यांनी तो खाली खाली बसत जातो आणि वर पोकळी पडते. त्या पोकळीत वस्तू हिंदकळू लागते. माणूस बरोबर असेल तर तो ती पोकळी भरतो. माणूस नसेल तर ती कोणी भरायची? म्हणून आजच्या काळी बांधणीच अशी हवी की जणू आपला माणूस खोक्यात बसून मालाबरोबर चालला आहे. शिवाय पेंढ्यात ओल धरते, कीड राहते. त्यामुळे परदेशी माल पाठविताना अनेक देश पेंढ्याला मज्जाव करतात. लाकडी पेटीला तर कीड मारण्यासाठी उष्णतेचा संस्कार करून तसा शिक्का घ्यावा लागतो. पुठ्ठ्याला ही अडचण नाही. थर्माकोल सोयीचा खरा, परंतु मूर्तीबरोबर तो घरात जातो आणि विसर्जनानंतरही गावाच्या नाल्यात राहतो. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, तेव्हापासून गिऱ्हाईकही त्याला नाक मुरडते. मातीच्या मूर्तीला मातीत मिसळणारे आवरण शोभते, असे आम्हांस वाटले आणि आम्ही पुठ्ठ्याकडे वळलो.

आता या पुठ्ठ्याविषयी थोडे. ज्याला बाजारात कोरुगेटेड म्हणतात त्याला आपण पन्हळी पुठ्ठा म्हणू, कारण तो पन्हळी पत्र्यासारखाच असतो. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद चिकटविलेला असतो. तीन कागदांचा तो तीन प्लायचा; आणखी एक नागमोडी व एक सपाट कागद वाढविला की पाच प्लायचा. याचा उगम मोठा गमतीचा आहे. १८५६ साली इंग्लंडात हीली व ॲलन या दोघांनी अशा नागमोडी कागदाचे पेटंट घेतले, ते उंच टोप्यांना आतून अस्तर लावण्यासाठी! १८७१ साली न्यूयॉर्कच्या आल्बर्ट जोन्सने तोच कागद बाटल्या व दिव्यांच्या काचा गुंडाळण्यास वापरला. कंदिलाची काच पुसताना ज्यांच्या हातून ती फुटली आहे, त्या वडीलधाऱ्या मंडळींना जोन्सची गरज तत्काळ समजेल. १८७४ साली ऑलिव्हर लाँगने त्या नागमोडी कागदाला सपाट कागदाचा आधार दिला, आणि आजचा पुठ्ठा जन्मास आला. सांगण्याचा हेतू असा की खोका होण्याच्या आधी हा पदार्थ उशी होता. नाजूक वस्तू जपणे हाच त्याचा मूळ धर्म आहे.

पन्हळीच्या जाडीवरून त्याच्या जाती पडतात. ए जातीची पन्हळ सुमारे पाच मिलिमीटर, सी सुमारे चार, बी सुमारे तीन, आणि ई सुमारे दीड मिलिमीटर. अक्षरे जाडीच्या क्रमाने नाहीत, हे ध्यानात ठेवावे, नाहीतर दुकानात फसगत होते. जाड पन्हळ अधिक दबते म्हणून उशीला चांगली. बारीक पन्हळ कमी दबते म्हणून छपाईच्या डब्यांना चांगली. आम्ही सी जातीचा तीन प्लायचा पुठ्ठा घेतला, कारण तोच आमच्या तालुक्याच्या गावी सहज मिळतो.

आता वस्तू फुटते का, ते पाहू. वस्तू पडण्याने फुटत नाही, एकाएकी थांबण्याने फुटते. चेंडू झेलताना खेळाडू हात मागे घेतो. हात ताठ ठेवला तर तळवा सोलवटतो. जितक्या अधिक अंतरात वस्तू थांबेल, तितका धक्का सौम्य. याचे गणित चौथीच्या मुलालाही येईल. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागावे. जो आकडा येईल तितक्या पटीने वस्तूचे वजन त्या क्षणी वाढल्यासारखे होते. हमालाच्या कमरेवरून खोका निसटला, म्हणजे तो सुमारे ७५ सेंटिमीटर पडला. फरशीवर तो दोन मिलिमीटरांत थांबला तर वजन सरासरी ३७५ पट झाले. तोच अडीच सेंटिमीटरांत थांबविला तर केवळ ३० पट. मूर्तीचा पुढे आलेला हात १०० ग्रॅमचा धरला, तर पहिल्या प्रसंगी मनगटाशी साडेसदतीस किलोंचा ओढा बसतो, दुसऱ्या प्रसंगी तीन किलोंचा. मनगट तुटेल की राहील, हे या आकड्यांतच लिहिलेले आहे.

हे गणित करून आम्ही मोठ्या डौलाने कामास लागलो. आधी वडीलबंधूंनी एक अट घातली: "मूर्ती आपटायची नाही." ती रास्तच होती. म्हणून पुतण्याने त्याच शाडूचा, मूर्तीइतक्याच वजनाचा एक बाहुला घडविला. त्याला दोन हात पुढे पसरलेले आणि सोंडेसारखी एक कांडी. असे पुष्कळ बाहुले करून वाळविले. पुठ्ठ्याचे बारा थर एकावर एक रचून खोक्याचा सारा तळ आम्ही भरून काढला. जाडी जवळजवळ पाच सेंटिमीटर. बाहुला आत ठेवला, खोका कमरेइतका उचलला आणि सोडला. पहिल्याच पडण्यात दोन्ही हात तुटले. उशीकडे पाहिले तर ती जशीच्या तशी! ती दबलीच नव्हती. पुतण्या आमच्या तोंडाकडे पाहू लागला. इतका पुठ्ठा घालूनही फुटते, तर शास्त्र खरे कसे?

उत्तर आमच्या वहिनींनी दिले. त्या अंगणात पाण्याची कळशी घेऊन आल्या होत्या. डोक्यावरची चुंबळ काढून त्या म्हणाल्या, "भावोजी, चुंबळ म्हणजे फळी नव्हे. फळी डोक्यावर ठेवली तर ती दबते का? चुंबळ मधे पोकळ असते म्हणून दबते." आणि आमच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. आपल्या मातांनी पिढ्यान्पिढ्या डोक्यावर वाहिलेली चुंबळ ही उशीच आहे. तिच्यात कापड किती, यावर तिचा गुण अवलंबून नाही. ती किती जागी टेकते आणि किती दबते, यावर आहे. आमची उशी मऊ दिसत होती, पण चार किलोंच्या बाहुल्यासाठी ती फळीच होती.

मग आम्ही पुठ्ठ्याची ताकद मोजली. त्यासाठी यंत्र लागत नाही. सहा सेंटिमीटर बाजूचा एक चौरस तुकडा दोन लाकडी ठोकळ्यांच्या मध्ये ठेवून आम्ही स्वतः वर उभे राहिलो. आमचे वजन ५८ किलो. तुकडा चुरडला. सात सेंटिमीटर बाजूचा ठेवला, तो टिकला. पहिल्याचे क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटिमीटर, दुसऱ्याचे ४९. म्हणजे आमचा पुठ्ठा चौरस सेंटिमीटरला १.२ ते १.६ किलोंच्या दरम्यान कुठेतरी हार खातो. आम्ही १.४ धरले. प्रत्येकाने आपापल्या पुठ्ठ्याचे माप असेच काढावे, कारण कागदाप्रमाणे ते बदलते.

आता हिशेब पाहा. तळ २० सेंटिमीटर लांब, २० रुंद, म्हणजे ४०० चौरस सेंटिमीटर. इतका पुठ्ठा दबण्यास ५६० किलोंचा भार हवा. चार किलोंच्या बाहुल्याच्या तो १४० पट! बाहुल्याला तितका धक्का बसल्याशिवाय उशी दबणारच नव्हती, आणि तोवर हात तुटून गेले होते. आपल्याला हवा होता ३० पटीचा धक्का, म्हणजे १२० किलो. त्याला १.४ ने भागले की सुमारे ८५ चौरस सेंटिमीटर येतात. म्हणजे साऱ्या तळाला उशी नकोच. चार कोपऱ्यांत साडेचार-साडेचार सेंटिमीटर बाजूच्या चार घड्या बस्स! ही उशी पहिलीच्या एकपंचमांश पुठ्ठ्यात झाली. ज्यांना अधिक भरणे म्हणजे अधिक जपणे असे वाटते, त्यांनी हे विसरू नये.

यावरून आम्ही एक सूत्र बसविले, ते मुलांना पाठ करण्यास द्यावे: घडीचे क्षेत्रफळ वस्तूच्या वजनावर ठरवावे, आणि घडीची उंची वस्तूच्या नाजुकपणावर. मूर्ती दुप्पट जड असेल तर घडीचे क्षेत्रफळ दुप्पट करावे, उंची तीच. मूर्ती तितक्याच वजनाची पण अधिक नाजूक असेल तर उंची वाढवावी आणि क्षेत्रफळ कमी करावे. पन्हळ पूर्ण सपाट होत नाही. जाडीच्या निम्म्याहून थोडी अधिक दबते. म्हणून अडीच सेंटिमीटर थांबण्यासाठी पाच सेंटिमीटर उंच घडी लागते.

घडी करण्याची रीत अशी. साडेचार सेंटिमीटर रुंद आणि ५४ लांब पट्टी कापावी. दर साडेचार सेंटिमीटरांवर खूण करून ती नागमोडी दुमडावी. बारा थर होतात. नुसती दुमडली तर मोडीपाशी पुठ्ठा फुगतो आणि गठ्ठा तिरपा बसतो. म्हणून खुणेवर एका बाजूचा कागद व पन्हळ सुरीने कापावी आणि दुसऱ्या बाजूचा कागद बिजागरीसारखा शाबूत ठेवावा. पुढच्या खुणेवर पट्टी उलटून दुसऱ्या बाजूने कापावे. थरांमध्ये खळीचा एक-एक ठिपका लावला की घडी सुटत नाही. हे काम आमच्या घरच्या मुलींनी दोन दिवसांत हस्तगत केले, आणि आमच्या घड्यांपेक्षा त्यांच्या घड्या सरळ होतात, हे आम्ही आनंदाने मान्य करतो.

मूर्ती मात्र घड्यांवर सरळ ठेवू नये. आम्ही खोक्यात खोका केला. आतला खोका चारी बाजूंनी उघडा, पिंजऱ्यासारखा: खाली पुठ्ठ्याचा जाड पाट, वर तसाच पाट आणि कोपऱ्यांत काटकोनात दुमडलेले चार खांब. मूर्ती खालच्या पाटावर बसवून मांडीवरून सुती नाडीने पाटाला बांधावी आणि पाठीला मधोमध एक आधार द्यावा. सोंड, हात, कान आणि मुकुट यांना कशाचाही स्पर्श होता कामा नये. पूर्वी आपण नेमके याच अवयवांभोवती कागद कोंबत होतो! नाजूक जागी आधार दिला की ती जागाच साऱ्या अंगाचा भार झेलते. आधार बळकट जागी द्यावा, नाजूक जागा मोकळी सोडावी. हा पिंजरा मग बाहेरच्या खोक्यात सहाही बाजूंनी घड्यांवर तरंगता ठेवावा, कारण खोका कोणत्या अंगावर पडेल हे आपल्या हाती नाही.

आता परीक्षा. संत गोरोबाकाकांनी थापटण्याने कच्चे आणि पक्के मडके पारखल्याची कथा आपल्या घराघरांत सांगतात. खोक्यालाही थापटणे हवे. खोक्याच्या कसोटीची एक रूढ रीत जगभर चालते: एकदा एका कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याशी मिळणाऱ्या तिन्ही कडांवर आणि मग सहाही बाजूंवर, असा दहा वेळा तो टाकतात. साडेनऊ किलोंपर्यंतचा खोका सुमारे ७६ सेंटिमीटरांवरून टाकतात. अधिक जड असेल तर उंची कमी करतात. आमचा बाहुला प्रथम सहा पडण्यांत टिकला आणि सातव्यात एक हात गेला. पाठीचा आधार रुंद केल्यावर तो दहाही पडण्यांत शाबूत राहिला. त्या दिवशी वडीलबंधूंनी ओट्यावरून उठून बाहुला हातात घेतला, त्याच्या मनगटावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पुढल्या वर्षी पाठवा." पुतण्या कारखान्यात गेला नाही.

२०२३ साली पुन्हा नागपूरलाच ६० मूर्ती पाठविल्या. व्यापाऱ्याला पुष्कळ विनविल्यावर त्याने माल घेतला. तीन मूर्ती भग्न निघाल्या. सतरांवरून तीनवर आलो, पण ती तीन घरे होतीच ना! त्या तिन्ही खालच्या रांगेतल्या होत्या. कारण शोधले तेव्हा दोन चुका सापडल्या. पहिली अशी की गणपतीचा माल ऐन पावसाळ्यात जातो, आणि दमट हवेत पुठ्ठा आपले निम्मे बळ गमावतो. दुसरी चूक लाजिरवाणी आहे. पुठ्ठा वाचावा म्हणून खोके आडवे कापले गेले होते, त्यामुळे भिंतीतल्या पन्हळी आडव्या आल्या. पन्हळी उभ्या असाव्यात. खांबासारखा भार त्या पेलतात. त्यातही खोक्याचे चार कोपरे सर्वांत अधिक भार घेतात, म्हणून खोक्यावर खोका कोपऱ्याला कोपरा जुळवून रचावा. पुढल्या वर्षी बाहेरचा खोका पाच प्लायचा, उभ्या पन्हळींचा केला. माल पावसाळी हवेत उघडा न ठेवता बांधल्याबरोबर ताडपत्रीखाली घेतला आणि रचाई पाच खोक्यांवरून तिनावर आणली.

आता तो राहिलेला कबुलीजबाब. पुठ्ठ्याची घडी एकदा दबली की पुन्हा फुगत नाही. हा तिचा दोष आहे, कारण मोठा आघात ती एकदाच नीट सोसते. म्हणून वापरलेल्या घड्या पुन्हा वापरू नयेत. परंतु हाच तिचा गुणही आहे. दबलेली घडी म्हणजे प्रवासाची नोंदवही. खोका कोठल्या कोपऱ्यावर आदळला, ते ती खोटे न बोलता सांगते. २०२४ साली माल टेंपोत भरून झाल्यावर, गाडी हलण्यापूर्वी, सहज म्हणून आम्ही एक खोका उघडून पाहिला. एका कोपऱ्याच्या घड्या सपाट झाल्या होत्या! माल अजून आमच्या अंगणाबाहेर गेला नव्हता. आणखी दोन उघडले, तोच प्रकार. आमचीच पोरे ओट्यावरून खोके टेंपोत भिरकावीत होती. कारण खोक्याला धरायला जागा नव्हती आणि गुळगुळीत पुठ्ठा हातातून निसटत होता. दोन वर्षे आम्ही ज्याला दूषणे दिली तो वाहतूकवाला सर्वस्वी निर्दोष होता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु पहिला आघात आमच्या ओट्यावर होत होता. त्याच दिवशी खोक्यांच्या दोन बाजूंना हात घालण्याच्या खाचा पाडल्या, त्या तिन्ही खोक्यांत नव्या घड्या घातल्या आणि माल हातोहात पुन्हा चढविला. त्या वर्षी ८४ मूर्ती गेल्या आणि ८४ च्या ८४ अभंग पोहोचल्या. एकीचा सोनेरी रंग नाडीखाली घासला गेला, तेवढाच. पुढे नाडीखाली मऊ मलमल घालू लागलो. नागपूरहून फोन आला तेव्हा पुतण्याने तो आधी आपल्या वडिलांच्या हाती दिला.

खर्चाचे विचाराल तर खोका, पिंजरा, घड्या व मजुरी मिळून आम्हांस मूर्तीमागे ८५ रुपये पडतात. ६० मूर्तींना ५१०० रुपये. पहिल्या वर्षी फुकटच्या पेंढ्यात २५,५०० गेले होते. फुकट काय आणि महाग काय, हे ज्याने त्याने ठरवावे.

शेवटी मंडळास तीन विनंत्या करतो. पहिली अशी की पुठ्ठा एकेकट्याने न घेता मंडळामार्फत एकत्र घ्यावा आणि घड्या कापण्याचा साचा सर्वांत मिळून एक करावा. दुसरी अशी की दर वर्षी वैशाखात एक दुपार खोके टाकून पाहण्यास राखावी. ज्याचा खोका फुटेल त्याला कोणी हसू नये, कारण आपल्या अंगणात फुटलेला बाहुला परक्याच्या घरातली मूर्ती वाचवितो. तिसरी आपल्या शिकलेल्या मुलामुलींसाठी आहे. मुंबईस अंधेरीला १९६६ साली स्थापन झालेली भारतीय पॅकेजिंग संस्था आहे. तेथे हेच शास्त्र रीतसर शिकवितात. आपल्या घरचे एखादे मूल तेथे जाऊन शिकून आले, तर आमच्यासारख्या म्याट्रिक मास्तराला ठोकळ्यावर उभे राहून पुठ्ठा मोजावा लागणार नाही.

आपल्या पूर्वजांनी मडके घडविले आणि ते फुटू नये म्हणून चुंबळ वळली. घडविणे आणि जपणे या दोन्ही कला एकाच घरातल्या होत्या. मधल्या काळात घडविणे आपल्याकडे राहिले आणि जपणे आपण परक्यावर सोपविले. ते पुन्हा आपल्या हाती घ्यावे, एवढीच प्रार्थना. वहिनींच्या चुंबळीचे ऋण पुन्हा एकवार मान्य करून आम्ही आपली रजा घेतो.